हजारात सव्वीस जास्त

नवरा-बायकोने एकत्र खेळायला बसणं ही आपली फार जुनी परंपरा आहे, आणि त्या खेळातून भांडण निघणं ही त्याहून किंचित जुनी. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यातही तोच डाव मांडलेला आहे. चौदाशेच्या आसपास वर्षं झाली, अजून दोघांपैकी कुणी उठलेलं नाही. डाव कोणत्या थराला गेला असेल, याची यावरून कल्पना यावी.

सोळा सोमवारच्या कहाणीत तर निकालही लागतो. शंकर-पार्वती फिरत फिरत एका देवळात येतात, सारीपाट मांडतात, आणि कोण जिंकलं म्हणून पार्वती तिथल्या गुरवाला विचारते. तो सरळ माणूस शंकराचं नाव सांगतो. पार्वती त्याला तिथल्या तिथे शाप देते. म्हणजे खेळले दोघं, आणि अंगावर कोड आलं गुरवाच्या. तेव्हापासून नवरा-बायकोच्या खेळात पंच व्हायला महाराष्ट्रात कुणी शहाणा माणूस पुढे आलेला नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्याच्या घरात सारीपाट नव्हता, पण बाकी सगळं होऊन गेलं. रमी खेळलो. तीत मी पानं लक्षात ठेवतो हा आरोप झाला. पत्त्याच्या खेळात पानं लक्षात ठेवू नयेत तर काय ठेवावं, हे मला कळलेलं नाही. कॅरम आणला. त्यात राणीला कव्हर मिळालं की नाही यावरून जो अबोला सुरू झाला, तो गॅसचं सिलिंडर संपेपर्यंत टिकला. सिलिंडरचा नंबर माझ्या मोबाइलवरून लावावा लागतो म्हणून केवळ संसार पुन्हा सुरू झाला. मोबाइलवरच्या लुडोत तर चार दशकांच्या सहजीवनानंतर माझी सोंगटी घराच्या रांगेत शिरायला एकच घर उरलं असताना मारली गेली, आणि मारणारी व्यक्ती हसली. जिथे एक जिंकतो तिथे दुसरा हरतो, आणि तो दुसरा रात्री त्याच घरात झोपायला असतो, ही या सगळ्या खेळांची मूळ अडचण आहे.

म्हणून पुण्याहून सूनबाईने जिगसॉचा डबा पाठवला, तेव्हा मी आधी डब्यावर खेळाचे नियम शोधले. नियम नव्हते. फासे नव्हते, गुण नव्हते, पाळी नव्हती. हजार तुकडे आणि झाकणावर एक चित्र, एवढाच मामला. यात नवरा-बायको समोरासमोर नसतात, एकाच बाजूला असतात. प्रतिपक्ष म्हणजे ते चित्र. जगात असा खेळ असू शकतो आणि तो इतकी वर्षं आपल्यापासून लपवून ठेवला गेला, याचं मला आश्चर्य वाटलं.

पुढे जाण्याआधी दोन्ही खेळाडूंची ओळख करून दिली पाहिजे. मी बँकेतून निवृत्त झालेला कॅशियर. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमच्या भागातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून गेलेली असल्यामुळे तिला सगळे ‘बाई’ म्हणतात. निवृत्तीनंतर ती पूर्ण वेळ घरी आली, तेव्हापासून मीही म्हणतो.

डबा उघडल्यावर मी पहिलं काम केलं ते तुकडे मोजण्याचं. पन्नास-पन्नासचे गठ्ठे लावून मोजले. भरले १०२६.

ज्यांनी बँकेत काम केलेलं नाही त्यांना वाटेल, बरं झालं, सव्वीस जास्त आले. रोकड कमी भरली तर कॅशियर खिशातून घालतो आणि विषय मिटतो. जास्त भरली तर खुलासा लिहावा लागतो. झाकणावर १००० छापलेलं आणि आत १०२६, ही स्थिती मला संध्याकाळचा चहा गोड लागू देईना. शेवटी बाईंनी कागद-पेन्सिल घेतली. चित्राची लांबी साधारण सत्तर सेंटिमीटर, रुंदी पन्नास. तुकडे जवळपास चौकोनी हवेत. पंचवीसच्या चाळीस ओळी केल्या तर बरोबर हजार होतात, पण तुकडे ताणल्यासारखे होतात. अडतीस गुणिले सत्तावीस केलं की ते सत्तर-पन्नासच्या चित्रात नीट बसतात. म्हणून बाजारातल्या बऱ्याच हजारी कोड्यांत १०२६ तुकडे असतात, आणि पाचशेच्या कोड्यांत पुष्कळदा ५१३. हिशेब लागला. वर बाईंनी सांगितलं, ‘१९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा जिल्हेसुद्धा सव्वीसच होते.’ याचा त्याच्याशी काय संबंध, असं शिक्षिकेला विचारायचं नसतं.

संबंध नव्हता असंही नाही, कारण हा खेळ मुळात भूगोलाच्या तासातलाच. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या हद्दीवरून करवतीने कापला. मुलांनी तुकडे जुळवायचे आणि जुळवता जुळवता युरोप शिकायचा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याची मुलंसुद्धा लेडी शार्लट फिंच या बाईंच्या हाताखाली असेच नकाशे जुळवून भूगोल शिकली. ‘बघा,’ आमच्या बाई म्हणाल्या, ‘राजाच्या घरी पण बाईच होत्या.’

त्यांचा स्वतःचाही एक नकाशा होता. महाराष्ट्राचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून जिल्ह्याजिल्ह्याच्या हद्दीवरून कात्रीने कापलेला. वर्षानुवर्षं तो वर्गात चालला. अडचण एकच, की सरकार मध्येच नवे जिल्हे करत असे. १९९८च्या जुलैत अकोल्यातून वाशिम निघाला, बाईंनी अकोला कापला. त्याच दिवशी धुळ्यातून नंदुरबार निघाला, धुळे कापलं. पुढच्या वर्षी महाराष्ट्र दिनाला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. २०१४ साली ठाण्यातून पालघर निघाला तेव्हा तुकडे छत्तीस झाले. बुलढाण्याला मात्र त्यांना कधी कात्री लावावी लागली नाही. खामगाव जिल्हा व्हावा ही मागणी आमच्याकडे जुनी आहे, आणि ती मान्य झाली तर नांदुरा कोणत्या तुकड्यात जाईल यावर पानटपरीवर बरीच चर्चा होते. बाई चर्चेत पडत नाहीत. त्यांनी कात्री जपून ठेवली आहे.

सूनबाईने पाठवलेलं चित्र मात्र महाराष्ट्राचं नव्हतं. जर्मनीतल्या बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन किल्ला. डोंगर, धुकं, जंगल, पांढरे उंच मनोरे. जिगसॉ करणाऱ्या कंपन्यांचं या किल्ल्यावर फार प्रेम आहे. राजा दुसरा लुडविग याने १८६९ साली बांधायला घेतला, कर्जावर कर्ज काढत सतरा वर्षं बांधला, आणि १८८६ साली राजा वारला तेव्हाही तो अपुराच होता. कर्जाचा इतका मोठा प्रस्ताव आमच्या शाखेत आला असता तर मॅनेजरसाहेब आधी पाणी प्यायले असते. राजाला जे पुरं करता आलं नाही ते नांदुऱ्यात दिवाणावर बसून दोन पेन्शनर करणार, या विचाराने आम्हाला पहिल्या दिवशी फार बरं वाटलं.

पण आधी जागा हवी. जमिनीवर मांडलं तर गुडघे बोलतात, टेबलावर मांडलं तर जेवायचं कुठे. शेवटी ओळखीच्या सुताराकडून प्लायचा तुकडा कापून आणला. दिवसा दिवाणाखाली सरकवायचा, संध्याकाळी बाहेर ओढायचा. मग तुकड्यांची निवड. बाईंनी स्वयंपाकघरातून ताटं आणली. एका ताटात जंगल, एका ताटात भिंती, परातीत आकाश, वाट्यांतून छपरं, आणि कशातच न बसणारं सगळं सुपात. घरातली सगळी भांडी बव्हेरियाकडे गेल्यावर मी जेवायला ताट मागितलं. उत्तर आलं, ‘आकाश पूर्ण करा, परात रिकामी होईल.’ त्या रात्री पातोड्यांची भाजी आम्ही कढईतून खाल्ली.

आणि हे सगळं वैशाखात. विदर्भातला उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि कूलर हे घरातलं सगळ्यात आदरणीय माणूस. लोक विचारतात, कूलरच्या वाऱ्याने तुकडे उडत नाहीत का? उडत नाहीत. तो वेगळाच त्रास देतो. ओल्या ताट्यांमधून आलेली हवा दमट असते, आणि दमट हवेत पुठ्ठा फुगतो. सकाळी सहज बसलेला तुकडा रात्री काढायला गेलं तर निघत नाही, आणि नवीन तुकडा बसतो की नाही हेच ठरत नाही. मी म्हणायचो बसतो, बाई म्हणायच्या तुम्ही दाबताय. कूलर बंद करावा तर घाम चित्रावर टपकतो. शेवटी वीज कंपनीनेच तोडगा काढला. संध्याकाळी वीज गेली की कूलर आपोआप बंद, पुठ्ठा कोरडा, आणि आम्ही इन्व्हर्टरच्या एका दिव्याखाली किल्ला बांधतोय. भारनियमनाचं कौतुक करणारा गावात मी पहिलाच असेन.

आता खेळाबद्दल. यात हार-जीत नसते हे वर सांगितलं, पण पक्ष असतात. मी आकाराचा माणूस आहे, बाई रंगाच्या. मी तुकडा हातात घेतला की त्याला किती बाजूंनी कान आहेत आणि किती बाजूंनी खाचा, ते बघतो, आणि त्या मापाची रिकामी जागा शोधतो. बाई तुकड्याकडे बघतच नाहीत, झाकणावरच्या चित्राकडे बघतात. ‘हा दक्षिणेकडच्या मनोऱ्याच्या सावलीतला,’ असं काहीतरी म्हणतात, आणि तुकडा तिथेच बसतो. माझी पद्धत शास्त्रीय आहे. त्यांची पद्धत बरोबर येते. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला बँकेतच कळायला हवं होतं.

कडेचे तुकडे ही मात्र माझी जबाबदारी. अडतीस आणि सत्तावीसची चौकट म्हणजे कडेचे १२६ तुकडे, त्यांत चार कोपरे. मी ते आधी वेगळे काढले, मोजले, १२६ भरले, आणि मगच चौकट लावायला घेतली. बाईंनी तोवर मधला एक मनोरा आणि निम्मं छप्पर लावून टाकलं होतं. ‘चौकट नसताना मध्यभाग लावायचा नसतो,’ मी म्हणालो. ‘कुठे लिहिलंय?’ त्या म्हणाल्या. नियम नसलेल्या खेळाचा एवढा एक तोटा आहे.

या छंदातला संवाद फार आटोपशीर असतो. ‘तो द्या.’ ‘कोणता?’ ‘तुमच्या कोपराखालचा.’ मग थोडी शांतता. ‘हा आकाशाचा नाही, तळ्याचा आहे.’ ‘तळं आहे कुठे चित्रात?’ ‘डावीकडे.’ तळं होतं. असा तासभर जातो आणि उठताना लक्षात येतं की या तासात वीजबिल, मुलाची नोकरी, शेगावच्या लग्नात कोण काय बोललं आणि माझं कोलेस्टेरॉल यांपैकी एकही विषय निघालेला नाही. समोरासमोर बसून बोलायचं म्हटलं की हे सगळे विषय रांगेत उभे राहतात. दोघांच्या नजरा एका प्लायवर असल्या की ते दारातूनच परत जातात.

आपल्याकडे घरात काही नवीन चाललंय म्हटलं की लोक बघायला येतात. शेजारचे भाऊ पहिल्याच आठवड्यात आले.

‘काय करून राह्यले काका?’

‘किल्ला जुळवतोय.’

‘कोनचा? देवगिरी हाय काय?’

‘जर्मनीतला आहे.’

त्यांनी वाकून बघितलं. हायवेवरची आमची १०५ फुटी हनुमानाची मूर्ती ही नांदुऱ्यातल्या माणसाची मोजपट्टी असते; जगातली कोणतीही इमारत आधी तिच्याशी लावून बघावी लागते. ‘आपल्या हनुमानापेक्षा उंच हाय का?’ त्यांनी विचारलं. गावात राहायचं होतं. ‘चित्रात तर वीतभरच आहे,’ मी म्हणालो. भाऊंचं समाधान झालं.

‘अन् पुरा झाला म्हंजे?’

‘मोडायचा. परत डब्यात भरायचा.’

‘मोडाचा?’ भाऊ खुर्चीत नीट बसले. ‘मंग जुळोला काहून?’

हा प्रश्न जिगसॉ करणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही. काही जण मग चित्र डिंकाने चिकटवून फ्रेम करतात आणि भिंतीवर टांगतात, म्हणजे प्रश्नच मिटतो. बाईंना उत्तर येत होतं. ‘भाऊ, तुम्ही गणपती बसवता, दहा दिवस आरास करता, मग शिरवता कशाला? आणि वहिनी रोज सकाळी अंगणात रांगोळी घालतात ती दुसऱ्या दिवशी झाडतात कशाला?’

भाऊंनी विचार केला. ‘थे बी हाय म्हना,’ ते म्हणाले, आणि जाताना एक तुकडा उचलून आकाशात लावून बघून गेले. तो बसला नाही. त्या दिवसापासून ते रोज येतात. रांगोळी पुसणाऱ्या आणि मूर्ती शिरवणाऱ्या समाजाला मोडायच्या वस्तूवर जीव लावण्याचं शिक्षण द्यावं लागत नाही, एवढंच याचं तात्पर्य.

दुसऱ्या प्रकारचे पाहुणे तत्त्वज्ञ असतात. ते तुकड्याला हात लावत नाहीत. दारातूनच मान हलवून म्हणतात, ‘संसार म्हणजे तरी काय हो, असंच कोडं.’ मग उसासा. या लोकांना चहा द्यावा लागतो म्हणून मी गप्प बसतो, पण हे खोटं आहे. संसाराच्या डब्यावर चित्र नसतं. त्यातले सगळे तुकडे एकाच डब्यातून आलेले असतात याची कुणी हमी देत नाही, आणि संध्याकाळी कंटाळा आला म्हणून तो दिवाणाखाली सरकवता येत नाही. आलाच एखादा तुकडा जास्त, तर त्याचं बारसं करावं लागतं.

मात्र या सगळ्यांत खरी जाणकार व्यक्ती निघाली ती आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. त्या दिवाणाखालून झाडू फिरवायच्या आधी प्लाय बाहेर ओढायच्या, क्षणभर थांबायच्या, सुपातला एखादा तुकडा उचलायच्या आणि लावून टाकायच्या. आम्ही आदल्या रात्री तास घालवून सोडून दिलेला तो असायचा. एकदा बाईंनी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला कसं दिसतं?’ मावशी म्हणाल्या, ‘जलमभर तुरीतले खडे निवडले, बाई. वेगळं हाय थे डोयाले आपोआप दिसते.’

स्पेनमधल्या वायादोलिद शहरात २०१९पासून या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होते. एकट्याची, जोडीची आणि संघाची अशा वेगवेगळ्या गटांत. एकट्याने पाचशे तुकडे तासाच्या आत लावणारे लोक तिथे येतात. जोडीचा गट आहे म्हटल्यावर मी बाईंकडे आशेने पाहिलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मी मावशींबरोबर जाईन.’

जगात या खेळाला बरे दिवस आले ते बहुतेक वेळा वाईट दिवसांत. अमेरिकेत १९३०च्या दशकातली मोठी मंदी आली, हातचं काम गेलं, आणि त्याच सुमाराला लाकडी तुकड्यांच्या जागी पुठ्ठ्याचे स्वस्त तुकडे निघाले. पोलादी पात्यांच्या साच्याखाली अख्खं चित्र एका दाबात कापलं जाऊ लागलं. १९३३च्या फेब्रुवारीत तिथे आठवड्याला एक कोटी कोडी विकली जात होती असं सांगतात. दर आठवड्याला पेपरच्या स्टॉलवर नवीन चित्र यायचं, दुकानं आणि वाचनालयं कोडी घरी न्यायला द्यायची. २०२०मध्ये करोनाने सगळ्यांना घरात बसवलं तेव्हा जगभर पुन्हा तीच मागणी उसळली. बाहेरचं काहीच आपल्या हातात राहिलेलं नसताना, निदान एक गोष्ट अशी, की जिचे सगळे तुकडे या खोलीत आहेत आणि जी जुळणारच आहे. माणसाला तेवढं पुरतं.

कौतुक आकड्यांचंही असतं. २०११ साली व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहरातल्या अर्थशास्त्र विद्यापीठाच्या सोळाशे विद्यार्थ्यांनी ५,५१,२३२ तुकड्यांचं कोडं स्टेडियममध्ये मांडून जुळवलं आणि विश्वविक्रम केला. मला विक्रमाचं कौतुक आहे, पण सोळाशे माणसं एकत्र बसतात तेव्हा काम होतं. ‘तुमच्या कोपराखालचा द्या’ म्हणायला कुणी नसतं.

उलट उदाहरण पाहायचं तर ऑर्सन वेल्सचा १९४१चा ‘सिटिझन केन’ बघावा. त्यात कुबेरासारखा श्रीमंत केन आणि त्याची बायको सुझन एका अवाढव्य वाड्यात राहतात. सुझन वेळ जात नाही म्हणून जमिनीवर बसून एकामागून एक जिगसॉ लावते, आणि केन हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून तिच्याशी बोलतो. पुढे ती त्याला सोडून जाते. समीक्षकांनी या सिनेमावर पुष्कळ लिहिलं आहे. आमच्या बाईंनी तो पाहून एकच वाक्य काढलं: ‘बसला असता खाली तर राहिली असती.’ उभं राहून लांबून सल्ला देणारा नवरा कोणत्याही वाड्यात वाईटच. प्लायच्या कडेला मांडी घालावी लागते, त्याला पर्याय नाही.

किल्ला पुरा व्हायला आला, आणि मग या छंदातला जगभर चालणारा अधर्म आमच्याकडेही घडला. शेवटचा तुकडा आपल्या हातून बसावा म्हणून प्रत्येक जण एक तुकडा आधीच बाजूला काढून ठेवतो. कुणी कबूल करत नाही, करतात सगळे. हजार चोवीस तुकडे लागले आणि चित्रात दोन भोकं राहिली. एक मनोऱ्यात, एक जंगलात. एक तुकडा कुठे आहे हे मला ठाऊक होतं. दुसरा कुठे आहे हे बाईंना ठाऊक होतं. दोघंही अत्यंत निरागस चेहऱ्याने सतरंजी झटकत होतो. मी बाईंच्या झोपण्याची वाट पाहत होतो, त्या मी बाजारात जायची.

सकाळी मावशी स्वयंपाकघरातून आल्या. ‘बाई, तुरीत हे निंघालं,’ असं म्हणाल्या आणि कुणी काही बोलायच्या आत तो तुकडा मनोऱ्यात बसवून मोकळ्या झाल्या. तुरीचा डबा कुणाच्या ताब्यात असतो हे सांगायला नको. मग सगळ्यांनी जंगलातल्या भोकाकडे आणि तिथून माझ्याकडे पाहिलं. मी चष्म्याचं घर उघडलं. तो तुकडा तिथे कसा गेला याची चौकशी झाली, पण चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर तुरीचा डाग ताजा असल्यामुळे ती फार लांबली नाही. शेवटचा तुकडा बाईंनी माझ्या हातातून घेतला, मावशींच्या हातात दिला आणि म्हणाल्या, ‘बसवा.’ गुरवाला शाप मिळाला होता, मावशींना चहा मिळाला.

हा छंद जडला की डोळे बिघडतात, हे आधीच सांगून ठेवतो. निसर्गसौंदर्य म्हणून काही उरत नाही. चैत्रातलं नांदुऱ्याचं आभाळ बघून लोक म्हणतात किती निरभ्र, आम्हाला एका निळ्या रंगाचे चारशे तुकडे दिसतात आणि पोटात गोळा येतो. फुटलेला कापूस दिसला की पांढरं एका परातीत, हिरवं दुसऱ्या. मध्यंतरी लोणारला गेलो. उल्का पडून तयार झालेलं, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, जगभरचे शास्त्रज्ञ तिथे येतात. आम्ही कठड्यावर उभे राहिलो आणि एकाच वेळी म्हणालो, ‘फार अवघड.’ पाणी हिरवं, भोवतीची झाडी हिरवी. २०२०च्या जूनमध्ये खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा फोटो काढून कोडं केलं असतं तर निदान तळं वेगळं काढता आलं असतं. शास्त्रज्ञांना त्या गुलाबी रंगाचं वेगळं महत्त्व असेल, ते त्यांच्यापाशी.

पण एक मागणी यातूनच सुचली. बाजारात जर्मन किल्ले, स्वित्झर्लंडचे डोंगर आणि टोपलीतली मांजरं यांचे डबे मिळतात. लोणार, सिंदखेडराजा किंवा वेरूळ यांचे सहज मिळत नाहीत. कुणी छापणाऱ्याने मनावर घ्यावं. आणि डबे महाग पडतात, एकदा जुळवल्यावर कपाटावर पडून राहतात, तेव्हा गावोगावच्या वाचनालयांनी पुस्तकांशेजारी एक फळी कोड्यांची ठेवावी. पुस्तक परत येतं तसा डबाही परत येईल. परत घेताना तुकडे मोजून घ्यायला निवृत्त कॅशियर प्रत्येक गावात मिळतो, आणि तो हे काम फुकट करेल.

तोवर ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी हजाराने करू नये, पाचशेने करावी. आकाश कमी असलेलं चित्र घ्यावं. जेवणापुरती दोन ताटं आधी बाजूला काढून ठेवावीत. जोडीदार चुकीच्या जागी तुकडा दाबत असेल तर दाबू द्यावा, पुठ्ठा त्याला स्वतःच सांगतो. तुरीचा डबा मात्र अधूनमधून तपासत जा.